सब्र ठीक आहे, पण बाथरूमचा दरवाजा रुंद करा

आपल्या बैठकांत आणि शिबिरांत शिक्षणावर चर्चा होते, तलाकवर होते, मुलींच्या नोकरीवर होते, मुसलमान म्हणून घर भाड्याने न मिळण्यावर होते. या सगळ्या चर्चा हव्यातच. पण घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला संडासला नेणं, धुणं, अंघोळ घालणं, कपडे चढवणं हे काम कोण करतं, कुठे करतं आणि किती वर्षं करू शकतं, यावर कुणी बोललेलं मी अजून ऐकलेलं नाही. विषय निघालाच तर आपण दोनच शब्द वापरतो. आजारी माणसाला सांगतो, सब्र कर. त्याचं सगळं करणाऱ्या बाईला सांगतो, खिदमत आहे, सवाब मिळेल. दोन्ही शब्द मोठे आहेत. पण ते उच्चारले की आपली जबाबदारी संपली असं आपण धरून चालतो, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे.

मी ३६ वर्षांचा आहे, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि डिलाईल रोडला राहतो. पाच वर्षांपूर्वी मला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं निदान झालं. सहानुभूती मिळावी म्हणून हे सांगत नाही. शरीराची रोजची निगा हे एक काम आहे. कुठल्याही कामाला लागतं तसं त्याला जागा लागते, साधनं लागतात, शिकलेला माणूस लागतो आणि त्या माणसाला मोबदला द्यावा लागतो. ही व्यवस्था उभी करणं घराचं, जमातीचं आणि सरकारचं काम आहे. व्यवस्थेची जागा सब्र भरून काढू शकत नाही.

आजार काय करतो

मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवर मायलिन नावाचं आवरण असतं, विजेच्या वायरीवर प्लास्टिक असतं तसं. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती या आवरणावर हल्ला करते. मग मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत उशिरा पोचतात, अर्धवट पोचतात किंवा पोचतच नाहीत. बहुतेक रुग्णांना सुरुवातीची वर्षं झटके येतात आणि मधल्या काळात बरं वाटतं. माझ्या प्रकारात सहसा झटके नसतात, क्षमता हळूहळू कमी होत जाते. या प्रकारासाठीचं पहिलं औषध अमेरिकेत २०१७ साली मंजूर झालं. ते आजाराचा वेग कमी करू शकतं, गेलेली ताकद परत आणत नाही. हा आजार संसर्गाने पसरत नाही आणि कुणाची नजर लागल्यानेही होत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे: एकूण एमएस स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून जास्त आढळतो.

चालण्यातला फरक लोकांना दिसतो, म्हणून ते त्याबद्दल विचारतात. न दिसणाऱ्या गोष्टी जास्त वेळ खातात. एमएसच्या बहुतेक रुग्णांना कधी ना कधी लघवीचा त्रास होतो. कधी ती थांबवता येत नाही, कधी मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. बद्धकोष्ठ असतो. बोटं बधिर असल्यामुळे शर्टाची बटणं आणि लेंग्याची नाडी ही रोजची परीक्षा होते. थकवा असा असतो की नीट झोपून उठलेला माणूस दात घासून होईपर्यंत दमतो.

त्यात मुंबईचा उकाडा. शरीराचं तापमान थोडं वाढलं तरी आधीच दुबळ्या झालेल्या नसा आणखी मंदावतात. विल्हेल्म उटहोफ या जर्मन डॉक्टरने १८९० साली याची नोंद केली आणि आजही त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. अंग थंड झालं की त्रास उतरतो, पण तेवढ्या वेळात माणूस पडू शकतो. त्यामुळे गरम पाण्याच्या अंघोळीने निरोगी माणूस ताजातवाना होतो, तर माझे पाय त्याच अंघोळीने कापसासारखे होतात. मी कोमट किंवा गार पाणी घेतो, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून अंघोळ करतो आणि अंग पुसेपर्यंत उठत नाही. ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांनी पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नये, कोपराने घ्यावा. पाय भाजला तरी कळत नाही.

लघवीच्या भीतीने पुष्कळ जण पाणी पिणं कमी करतात. मुली आणि बायका तर बाहेर पडायचं असलं की सकाळपासून घोटभरही घेत नाहीत. त्याने लघवी घट्ट होते, संसर्गाचा धोका वाढतो, बद्धकोष्ठ बळावतो, आणि संसर्गाचा ताप आला की एमएसची सगळी लक्षणं एकदम उसळतात. दिवसभर थोडं थोडं पाणी पिणं, ठरलेल्या वेळी लघवीला जाणं आणि मूत्राशय रिकामं होत नसेल तर डॉक्टरांकडून स्वतः कॅथेटर घालायला शिकणं हा त्यावरचा मार्ग आहे. हात साबणाने धुऊन, बारीक नळी घालून, मूत्राशय रिकामं करून नळी काढून टाकायची. ऐकताना अंगावर काटा येतो, पण शिकल्यावर ते पाच-दहा मिनिटांचं काम आहे. पोटाचंही वेळापत्रक लावता येतं. काही खाल्लं की आतडी आपोआप हलतात, म्हणून सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने कमोडवर बसायची सवय लावली की दिवस बराच सुरळीत जातो.

बाकीच्या युक्त्या साध्या आहेत. नाडीऐवजी इलॅस्टिक, बटणांऐवजी वेल्क्रो, वस्तऱ्याऐवजी ट्रिमर, जाड मुठीचा ब्रश. दाढी, अंघोळ आणि कपडे एका दमात न उरकता मधे दहा मिनिटं आडवं होणं. दिवसाची ताकद मोजकी असते, ती कशावर खर्च करायची ते आधी ठरवावं लागतं. पायजमा स्वतः चढवायला मला वीस मिनिटं लागतात, कुणी चढवला तर दोन. ती अठरा मिनिटं आणि ती ताकद मी कामासाठी ठेवतो. सगळं स्वतः करणं म्हणजेच स्वावलंबन, असं मी मानत नाही. कुठली मदत कधी, कुणाकडून आणि कशी घ्यायची हे ठरवणं माझ्या हातात असलं, तर मी माझ्या पायावर उभा आहे.

चाळ, मोरी आणि नवा फ्लॅट

डिलाईल रोडचं सरकारी नाव ना. म. जोशी मार्ग. इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. या रस्त्यावर अशा ३२ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, खोलीत मोरी आणि संडास मजल्यावर सगळ्यांचे मिळून. कामगारांसाठी बांधलेलं घर हे धरून चाललं होतं की राहणारा चालू शकतो, उकिडवा बसू शकतो आणि बादली उचलू शकतो. तो म्हातारा होईल, त्याला अर्धांगवायू होईल, असा विचार त्या नकाशात नव्हता.

चाळीतला शेजार हे आपलं भांडवल, असं आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरंही आहे. जिना उतरवायला चार खोल्यांतून चार माणसं धावून येतात, हिंदू-मुसलमान पाहत नाहीत. पण संडासात आत येऊन धुवायला शेजाऱ्याला हाक मारता येत नाही. शेजारधर्म दाराच्या बाहेर संपतो, आणि माझ्यासारख्याची खरी अडचण दाराच्या आत सुरू होते.

आता चाळींच्या जागी टॉवर येताहेत. बीडीडीच्या १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. वरळीला ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. लिफ्ट आली, घरात संडास आला, हा मोठाच फरक आहे. तरीही आपल्या भागातल्या नव्या इमारतींची बाथरूम मोजून पाहा. मी राहतो ती पुनर्विकसित इमारत सरकारी योजनेतली नाही, खासगी आहे. तिथे बाथरूमचा दरवाजा दोन फुटी होता, म्हणजे २४ इंच, आणि माझी चाकांची खुर्ची बाहेरून २६ इंच रुंद आहे. दाराला तीन इंचांचा उंबरा होता. भिंत फोडून दार रुंद करायला, उंबरा काढून उतार द्यायला आणि भिंतीला दोन लोखंडी दांडे बसवायला आठवडा गेला. हे नकाशाच्या वेळी ठरलं असतं तर खर्च नगण्य होता.

चाकांची खुर्ची वळायला साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते आणि ये-जा करायला ९०० मिलिमीटरचं, म्हणजे तीन फुटी दार. हे दोन आकडे पाठ करा. मदनपुरा, नागपाडा, भेंडी बाजार, डोंगरी, काळाचौकी, डिलाईल रोड, जिथे जिथे आपल्या घरांचा पुनर्विकास चालू आहे किंवा व्हायचा आहे, तिथे सभेत कार्पेट एरिया आणि कॉर्पस फंडावर तासन्‌तास भांडणं होतात. त्याच सभेत एक जण उभा राहून म्हणू शकतो की एका संडासाचं दार तीन फुटी ठेवा आणि उंबरा काढा. तरुण कुटुंबालाही त्याचा उपयोग आहे. आज ना उद्या प्रत्येक घरात कुणाचा तरी गुडघा किंवा खुबा मोडतोच.

तहारत कुणाच्या हाताने

आपल्याकडे या विषयाला आणखी एक थर आहे. पाकी आपल्यासाठी नुसती स्वच्छता नसते. लघवी थांबत नाही, पिशवी लावलेली आहे, पॅड आहे, मग नमाज कशी होणार, या विचाराने मशीदच काय, घरातली नमाजही सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. काही जण लाजेने कुणाला विचारत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे धोरण इथे महागात पडतं.

मी मुफ्ती नाही. पण या प्रश्नावर आपली परंपरा आपल्यापेक्षा मोकळी आहे, एवढं वाचल्यावर कळतं. इम्रान बिन हुसैन या सहाबींना मूळव्याध होती. नमाज कशी पढू, असं त्यांनी थेट प्रेषितांना विचारलं. उभं राहून, जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर, असं उत्तर मिळाल्याची हदीस बुखारीत आहे. ज्याची लघवी थांबत नाही त्याला फिक्हमध्ये माजूर म्हणतात आणि त्याच्यासाठी वेगळे नियम आहेत. हनफींमध्ये एका नमाजच्या वेळेपुरता एक वजू चालतो. आम्हा शाफई कोकणी मुसलमानांमध्ये वेळ झाल्यावर प्रत्येक फर्ज नमाजसाठी नवा वजू करायचा असतो. पाणी वापरणं शक्यच नसेल तर तयम्मुम आहे.

सतराव्या शतकातल्या फतावा-ए-आलमगिरीत तर नेमका आपलाच प्रश्न आहे. आजारी माणसाला स्वतः वजू करता येत नाही, त्याला बायको नाही, पण मुलगा किंवा भाऊ आहे, तर काय करायचं? मुलाने किंवा भावाने वजू करून द्यावा, पण इस्तिंजा करू नये, त्या माणसावरून इस्तिंजाची सक्ती उठते, असं ते उत्तर. आजारी बाईसाठी, मुलगी किंवा बहीण धरून, असंच उत्तर आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे विद्वान हे शब्द न चाचरता लिहीत होते आणि आपण आज घरातल्या घरात ते उच्चारत नाही. पण त्या उत्तरामागचं एक गृहीतक आज तपासायला हवं. इस्तिंजा करू शकणारी एकच व्यक्ती, ती म्हणजे जोडीदार, असं ते धरून चालतं. आज हातमोजे आहेत, पाण्याचा जेट आहे, कमोड खुर्ची आहे, प्रशिक्षित मदतनीस आहेत. प्रश्न पुन्हा मांडायला वाव आहे.

आता दुसरीकडे पाहा. मय्यतीला गुस्ल देणं फर्ज-ए-किफाया आहे. कुणीतरी केलं तर सगळे मोकळे, कुणीच केलं नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार. म्हणून आपल्या जमातींत गुस्ल द्यायला शिकलेले पुरुष असतात, बायका असतात, ते शिकवण्याचे वर्गही होतात. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत कापड टाकायचं, हाताला कापड गुंडाळून त्याच्या आतून धुवायचं, अंग हळू कुशीवर वळवायचं, उजव्या बाजूने सुरुवात करायची. अंथरुणावरच्या रुग्णाला स्पंजिंग करणारी नर्सही जवळपास हेच करते. म्हणजे कौशल्य आपल्याकडे आहे, सतर सांभाळण्याची रीतही आहे. फक्त मेलेल्या माणसाला अंघोळ घालणं आपण साऱ्या जमातीवर टाकलं आणि जिवंत माणसाला अंघोळ घालणं एकट्या बायकोवर किंवा आईवर सोडलं.

आणि सब्र म्हटलं की आपण हजरत अय्यूब यांचं नाव घेतो. त्यांची गोष्ट पूर्ण वाचा. त्यांनी आपला त्रास अल्लाहसमोर बोलून दाखवला. उत्तरादाखल त्यांना जमिनीवर पाय मारायला सांगितलं गेलं आणि गार पाणी मिळालं, अंघोळीला आणि प्यायला. सूरह सादमध्ये हा प्रसंग आहे. सब्राच्या सर्वांत मोठ्या उदाहरणातही शेवटी अंघोळीच्या पाण्याची सोय झाली आहे. मी तर त्यातून एवढंच घेतो की सब्र करणाऱ्या माणसासाठी सोय मागणं हे सब्राच्या विरुद्ध नाही.

खिदमतीचा भार कुणावर

निदानानंतर हळूहळू मदतीची गरज वाढली तशी पहिली दीड वर्षं माझं सगळं माझी बायको करत होती. सकाळी मला उठवणं, संडास, अंघोळ, कपडे, मग धावत स्वतःची शाळा. ती शिक्षिका आहे. तिची कंबर धरली तेव्हा आम्ही दोघांनी बसून हिशेब मांडला आणि ब्युरोकडून सकाळी दोन तासांसाठी एक माणूस ठेवला. महिन्याला ९,००० रुपये. घरात याला विरोध झाला. मामू म्हणाले, "घरचं माणूस असताना परका पुरुष कशाला हात लावतो? दुनिया काय म्हणेल?" माझी बायको म्हणाली, "मामू, कामाला माणूस ठेवलाय. बायको म्हणून मी आहेच की." मामूंना ते पटलं की नाही माहीत नाही, पण पुढच्या वेळी आले तेव्हा त्या माणसासाठीही चहा सांगितला.

तो मदतनीस हिंदू आहे, रत्नागिरीकडचा. पहिल्या आठवड्यानंतर तो बधना भरून न सांगता माझ्या डाव्या हाताशी ठेवू लागला, कमोडची दिशा किब्ल्याकडे आहे का हेही एकदा विचारून घेतलं. मदत घेण्यात लाज वाटते ती बहुधा अनाडी मदतीची असते. ज्याला काम येतं तो दार लावतो, आधी विचारतो, मग हात लावतो, आणि काम झालं की क्रिकेटवर बोलतो. उचलताना कुठे धरायचं, आपली कंबर कशी वाचवायची, खुर्चीचा ब्रेक कधी लावायचा हे शिकवावं लागतं. प्रेम असलं म्हणून ते आपोआप येत नाही.

मला पगार आहे म्हणून हे जमलं. आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आठवा. एमएसच्या रुग्णांत स्त्रिया जास्त आहेत. नवरा आजारी पडला की बायकोने सेवा करायची हे ठरलेलं आहे. बायको आजारी पडली तर? अनेक घरांत तिला माहेरी पाठवतात, "तिथे आई बघेल" म्हणून. काही ठिकाणी दुसऱ्या निकाहची बोलणी सुरू होतात. नवरा तिला अंघोळ घालतोय, तिचं पॅड बदलतोय, हे दृश्य आपल्या समाजात अजून चर्चेचा विषय होतं. प्रेषित घरकामात हात लावत, आपली चप्पल स्वतः सांधत, हे आपण मिलादच्या भाषणात ऐकतो आणि घरी येऊन विसरतो. स्त्री-पुरुष समतेची आपली चर्चा तलाकपर्यंत येऊन थांबते. तिने बेडरूम ओलांडून बाथरूमपर्यंत जायला हवं.

हक्क आणि पैसा

१९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची नोंद होती, त्यात एमएस नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने यादी २१ वर नेली आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव त्यात आलं. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. म्हणजे एमएसच्या रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळू शकतं, आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल तर बरेच लाभ त्यावर अवलंबून आहेत. याच कायद्याच्या २४ व्या कलमात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा व्यक्तींसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. मदतनीस ही चैन नाही, हे देशाच्या कायद्यानेच मान्य केलं आहे.

प्रत्यक्षात हातात येणारी रक्कम तुटपुंजी आहे. संजय गांधी निराधार योजनेतलं दिव्यांगांचं अनुदान राज्य सरकारने २०२५ मध्ये दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये केलं, तेही उत्पन्नाची अट पाळणाऱ्यांना. प्रौढांचा एक डायपर ४०-५० रुपयांना पडतो. दिवसाला दोन धरले तरी अनुदान जवळपास सगळं त्यातच संपतं, मदतनिसाचा पगार दूरच. सुगम्यतेबाबत ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतूडी खटल्यात स्पष्ट केलं की सुगम्यतेचे नियम शिफारशीपुरते ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. निकाल आपल्या बाजूने आहे. आता तो आपल्या गल्लीत उतरवायला माणसं हवीत.

मदत कुठे मिळते तेही सांगतो, कारण अनेक घरांना माहीत नसतं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ साली मुंबईतच सुरू झाली आणि आज अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत. हाजी अलीच्या दर्ग्याला आपण जातो, तिथेच रस्त्यापलीकडे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. परळच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणजे तुमचं दात घासणं, कमोडवर बसणं, कपडे घालणं कसं सोपं होईल हे शोधणारा माणूस. औषध लिहून देणारा डॉक्टर आपल्याला माहीत असतो, हा माणूस माहीत नसतो. रोजच्या आयुष्यात मात्र त्याचाच उपयोग जास्त होतो.

करायचं काय

जमातींकडे लग्नाच्या देगी असतात, खुर्च्या असतात, मय्यतीचा डोला असतो. ज्याला लागेल त्याने न्यायचं, वापरून परत द्यायचं. त्याच गोदामात चार कमोड खुर्च्या, दोन चाकांच्या खुर्च्या, अंघोळीचे दोन स्टूल आणि एक हवेची गादी ठेवायला काय हरकत आहे? अंथरुणावरच्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून ती गादी लागते, आणि अनेक घरांना ती थोड्याच महिन्यांसाठी लागते. गुस्लचा वर्ग घेणाऱ्यांनी त्याला एक दिवस जोडावा आणि जिवंत रुग्णाला कसं उचलायचं, कसं धुवायचं, ते एखाद्या नर्सकडून किंवा थेरपिस्टकडून शिकवून घ्यावं. मुलग्यांना त्या वर्गाला आवर्जून बसवावं.

मशिदीत एक नळ खुर्चीच्या उंचीला बसवावा, एक कमोड आणि त्याच्या बाजूला दांडा असावा. वजूखान्याच्या बुटक्या ओट्यावर म्हाताऱ्यांनाही बसता येत नाही. जकात देताना आपण विधवा, अनाथ, मदरसा असा विचार करतो. गरीब घरातला अंथरुणावरचा रुग्णही गरजूच आहे. जकात त्याच्या मालकीची झाली की तो ती मदतनिसाच्या पगारावर, पॅडवर, कॅथेटरवर खर्च करू शकतो. फळांच्या करंडीपेक्षा ती मदत जास्त दिवस पुरते.

तुम्हा तरुणांकडे माझं एक काम आहे. तुमच्या घरात किंवा इमारतीत असा कुणी असेल, तर भेटायला गेल्यावर "आता कसं वाटतं?" एवढ्यावर थांबू नका. तुमचं यूडीआयडी कार्ड झालंय का, फॉर्म मी ऑनलाइन भरून देऊ का, संडासच्या दाराला उंबरा आहे का, सकाळचे दोन तास कोण सांभाळतं, असं विचारा. काळजी घेणाऱ्या खालांना किंवा भाभींना विचारा की आठवड्यातली एक दुपार त्यांना मोकळी हवी का. पुनर्विकासाच्या पुढच्या सभेला टेप घेऊन जा आणि नकाशातलं बाथरूमचं दार मोजा. तीन फूट भरलं नाही, तर हात वर करून तसं सांगा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.